सातवा कंगोरा

फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर कार्डं लावत होते. एप्रिलचा शेवटचा बुधवार, सकाळचे अकरा.

"वहिनी, श्यामकांत बोलतोय. ताबडतोब इन्स्टिटूटमध्ये या."

"आत्ता? माझी सुट्टी साडेबाराला होते."

"तुमच्या फ्राउ लिंडेला सांगा, प्रोफेसरांनी बोलावलंय म्हणून. आल्झो, ऐका. बाबांच्या मोजणीच्या वह्या कपाटातून काढल्यात. सगळी मोडी. इथे कुणाच्या बापाला वाचता येणार..." तो थांबला. "सॉरी, वहिनी. तोंडात आलं."

"येते," मी म्हटलं. श्यामकांत इन्स्टिटूटमध्ये डॉक्टरेट करणारा मराठी मुलगा; मला तो वहिनी म्हणे आणि माझ्या वडिलांना बाबा.

बाबांना जाऊन तेव्हा अकरा आठवडे झाले होते. पुण्याहून तार आली ती तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. विमानाने जाणं आमच्या ऐपतीत नव्हतं, आणि बोटीने पोचून करायचं काहीच उरलेलं नव्हतं. मी दोन दिवस घरी बसले आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेले. त्या अकरा आठवड्यांत मी त्यांचं अक्षर पाहिलं नव्हतं. पत्रांचा गठ्ठा कपाटात होता, पण तो काढला नव्हता.

हॅनोव्हरला माझ्याआधी बाबा येऊन गेले होते. पंचावन्न साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुण्याच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी तीन वर्षं बाजूला ठेवून ते इथे डॉक्टरेट करायला आले. बरोबरीचे विद्यार्थी त्यांना ओंकल, म्हणजे काका, म्हणत. प्रोफेसर हालबाख जुन्या विटांच्या बांधकामांचा अभ्यास करत होते. त्यांनी बाबांना इराणात पाठवलं, एका मनोऱ्याची मोजणी करायला. सत्तावन्नचा उन्हाळा आणि पुढे बर्फ पडेपर्यंतचे दिवस बाबा त्या मनोऱ्यापाशी तंबूत राहिले.

तो मनोरा म्हणजे एका सरदाराची कबर. नऊशे वर्षांपूर्वीची, डोंगराच्या उतारावर एकटी उभी, सदतीस मीटर उंच. आतून साधी गोल पोकळी, ना जिना ना मजला. बाहेरून मात्र त्या गोलाला बारा कोनदार कंगोरे काढलेले, पायापासून थेट कॉर्निसपर्यंत, आणि वर विटांचाच निमुळता टोप. "रंग नाही, फरशी नाही, मूर्ती तर नाहीच," बाबांनी मला लिहिलं होतं. "एकच वीट. तीच आडवी, तीच उभी, तीच तासून अक्षर. उन्हं फिरली की बारा सावल्या बारा बाजूंनी फिरतात. आपण काळ्या दगडाच्या मुलखातली माणसं. दगड कोरून काढतात, म्हणजे नको ते टाकून देतात. इथे टाकून दिलेलं काहीच नाही, सगळं मांडलेलं आहे."

त्या मोजणीवर त्यांना डॉक्टरेट मिळाली. बारा कंगोऱ्यांचे बारा नकाशे इन्स्टिटूटच्या जिन्यात चौकटी करून लावलेले होते. श्रीनाथशी लग्न होऊन मी एकसष्ट साली इथे आले, तेव्हा स्टेशनवरून घरी जाण्याआधी त्यांनी मला तो जिना दाखवायला नेलं होतं.

आज मी त्या जिन्याने वर गेले तेव्हा सातवी चौकट भिंतीवर नव्हती.

ती प्रोफेसरांच्या टेबलावर होती, काच काढलेली. शेजारी कापडी पुठ्ठ्याच्या चार वह्या. खोलीत तिघे होते. प्रोफेसर हालबाख, श्यामकांत, आणि खिडकीपाशी पाठ करून उभा डॉक्टर रीडल. हा इन्स्टिटूटचा अभियंता, मार्च महिन्यात मनोऱ्यावर जाऊन आलेला. मी त्याला फक्त नावाने ओळखत होते.

"बसा, फ्राउ देवस्थळी," प्रोफेसर म्हणाले. "तुमच्या वडिलांना आज आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. उत्तर त्यांच्या वतीने तुम्ही द्यायचं."

प्रश्न रीडलने सांगितला. जानेवारीत तिकडे भूकंपाचा हलका धक्का बसला होता आणि मनोऱ्याला सातव्या आणि आठव्या कंगोऱ्याच्या मधोमध तडा गेला होता. मार्चमध्ये रीडलने वरून ओळंबा सोडून सातवा कंगोरा मोजला. जमिनीपासून बारा-साडेबारा मीटरवर तो ओळंब्याच्या बाहेर बावन्न मिलिमीटर आलेला होता. बाबांच्या नकाशात त्याच जागी चौदा होते.

"म्हणजे सहा वर्षांत अडतीस मिलिमीटर," रीडल म्हणाला. "हे खरं असेल तर बाहेरचा पापुद्रा आतल्या भिंतीपासून सुटून चालला आहे. मग थांबता येत नाही. पोलादी पट्टा घालायचा, सातव्या कंगोऱ्यात सहा ठिकाणी भोकं पाडून सळ्या ठोकायच्या आणि आवळायचं. तिथे ठेकेदार तयार आहे, परांची बांधलेली आहे. शनिवारी सकाळी काम सुरू होतं."

"आणि खरं नसेल तर?"

"तर तो फुगवटा जुना आहे. कदाचित चारशे वर्षांचा. तसाच बसलेला, तसाच टिकलेला. त्याला भोकं पाडून आवळलं तर तो पापुद्रा खाली येईल. परांचीवरच्या माणसांसकट."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं हेर्र होनरावांनी, तुमच्या वडिलांनी, चुकीचं मोजलं."

"रीडल," प्रोफेसर म्हणाले.

"बाई, माझं त्यांच्याशी वैर नाही. मी त्यांना भेटलेलोही नाही. मला आकडा हवा आहे." त्याने घड्याळ पाहिलं. "काम थांबवायचं तर तार चारच्या आत जायला हवी, म्हणजे उद्या सकाळी तेहरानला मिळेल. उद्या दुपारी तिथलं कार्यालय बंद होतं आणि परवा शुक्रवार, तिथली सुट्टी. शनिवारी काम सुरूच."

प्रोफेसरांनी पहिली वही माझ्यासमोर सरकवली. "आकडे श्यामकांतने उतरवले आहेत. शेरे त्याला वाचता येत नाहीत. मला जाणून घ्यायचं आहे की मोजताना हवा कशी होती, ओळंबा वाऱ्याने हलत होता का, त्यांना स्वतःला शंका होती का. होनराव शंका लिहून ठेवणारा माणूस होता."

मी वही उघडली. कागदाला अजून मातीचा वास होता, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. लपेटीचं, उजवीकडे कललेलं, एकदाही टाक न उचलता लिहिलेलं अक्षर. मोडी मी त्यांच्याकडूनच शिकले होते, आठवीच्या सुट्टीत, बार्शीला. मला वाटलं होतं की त्रास होईल. झाला नाही. मी एकदम वाचूच लागले.

"पहिला कंगोरा. अकरा जुलै. वारा नाही. ओळंबा तेलाच्या डब्यात बुडवून स्थिर केला. फीत धरली रजबने. दर दहाव्या थराला एक नोंद."

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रोफेसर म्हणाले. "तेलाचा डबा. ती माझी सूचना होती."

"वहिनी, एक विचारू?" श्यामकांतने वहीवर बोट ठेवलं. "नोंदींच्या क्रमांकाचा हा रकाना. दोन, तीन, चार असा खाली जातो. पण एकाच्या जागी हे काय चितारलंय? मला वाटलं सही आहे."

"लाभ," मी म्हटलं.

"काय?"

"लाभ लिहिलंय. आमचे आजोबा बार्शीच्या अडत बाजारात मापारी होते. धान्य पायलीने मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, तीन. तुम्ही ऐकलं नाही कधी?"

"मी दादरचा हो. आमच्याकडे धान्य पुडीत बांधून येतं."

प्रोफेसरांनी विचारलं, काय चाललं आहे. मी जर्मनमध्ये सांगितलं. ते इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. "तीन वर्षं माझ्याकडे होता! कधी बोलला नाही! रीडल, ऐकलंत? पहिली वीट म्हणजे नफा!"

रीडल हसला नाही, पण वाकून बघायला आला. मलाही हसू आलं. बाबांचं हे खूळ आम्हा घरच्यांनाच माहीत होतं. वर्गात ते कधीच असं म्हणत नसत. पण हाताने काही मोजायचं झालं की, पायऱ्या असोत, पोस्टकार्डं असोत, आईच्या गोळ्या असोत, लाभपासून सुरुवात. लहानपणी मी गणिताच्या वहीत लाभ लिहिलं तेव्हा ते रागावले होते. "ते वस्तूला म्हणायचं. हाताखालून गेलेल्या वस्तूला. इथे कागदावर वस्तू कुठे आहे? इथे एक."

मी पुढे वाचत गेले. दुसरा कंगोरा, तिसरा. प्रत्येकाच्या माथ्यावर तारीख, हवा, फीत धरणाऱ्याचं नाव. रजब, कधी त्याचा भाऊ. चौथ्यावर लिहिलं होतं की वारा असल्याने काम थांबवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "बघा," मी रीडलकडे बघून म्हटलं, "वारा होता तेव्हा त्यांनी अर्ध्या दिवसाचं काम फेकून दिलं." माझ्या आवाजात धार आली होती. मला ती आवडली. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा मला बाबांसाठी काही करता येत होतं.

"ठीक आहे," रीडल म्हणाला. "सातवा."

सातवा तिसऱ्या वहीत होता. मी पान उलटलं.

वर तारीख नव्हती. हवा नव्हती. फीत धरणाऱ्याचं नाव नव्हतं. फक्त "सातवा कंगोरा", आणि खाली अठ्ठेचाळीस नोंदी, सुबक, एका ओळीत, खाडाखोड नसलेल्या. क्रमांकाच्या रकान्यात सगळ्यात वर होता एकाचा आकडा.

मी बोटाने तो रकाना खालपर्यंत पाहिला. ट्राम वळणावर कुरकुरली ते ऐकू आलं.

"अरेच्चा," श्यामकांत म्हणाला. "इथे लाभ विसरले वाटतं बाबा."

"हो," मी म्हटलं. "विसरले."

"शेरा काय आहे?" प्रोफेसरांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे शंका नव्हती?"

"शंका लिहिलेली नाही."

हे खोटं नव्हतं. मी शब्द जपून वापरले होते, आणि ते जपून वापरले हे मला कळत होतं. प्रोफेसरांनी रीडलकडे पाहिलं. "ऐकलंत. होनरावला शंका असती तर त्याने लिहिली असती. मी त्याच्या चौदावर विश्वास ठेवतो. काम सुरू करू द्या."

रीडल खांदे उडवून म्हणाला, "काम सुरू करा, अशा तारेचा मसुदा करतो. जबाबदारी तुमची."

"जा, जा. माझी."

मी म्हटलं मला ग्रंथालयात परत जायला हवं. तेव्हा पावणेएक वाजला होता. निघताना मी सहाव्या, सातव्या आणि आठव्या कंगोऱ्यांचे श्यामकांतने उतरवलेले तीन कागद मागून घेतले. आठवण म्हणून, असं म्हटलं. त्याने ते लगेच दिले, आणि वर म्हणाला, "आज बाबांनी रीडलची चांगली जिरवली, वहिनी."

मी ग्रंथालयात गेले नाही. मेन्झाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीच्या, कोपऱ्यात एका टेबलाशी बसले आणि पर्समधून कोरी कार्डं काढली. मला काय शोधायचं आहे ते ठाऊक नव्हतं. रिकाम्या जागेत बसवलेले आकडे कुठून येतात? डावीकडून आणि उजवीकडून. एकविसावी नोंद, सहाव्यावर बारा, आठव्यावर सोळा. मध्ये चौदा. बाविसावी, अकरा आणि सतरा. मध्ये चौदा. तेविसावी, दहा आणि सतरा. बेरीज विषम. मध्ये चौदा, अर्धा वरच्या अंगाला ढकललेला. मी वरून सुरुवात केली आणि खालपर्यंत गेले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. एकही चुकली नाही.

बाबांनी सातवा कंगोरा मोजलाच नव्हता. दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी काढून तो कागदावर भरला होता. टेबलाशी बसून. आणि टेबलाशी बसल्यामुळे, एकपासून.

श्रीनाथ दीड वाजता जेवायला आले. मला तिथे बघून ताट घेऊन सरळ माझ्यासमोर बसले. मी कार्डं त्यांच्याकडे फिरवली आणि सांगितलं. ते यंत्रांचे अभियंते. त्यांना समजायला दोन मिनिटं लागली.

"अजून कुणाला कळलंय?"

"नाही."

"कळेल?"

"मोडी मलाच येते. आणि लाभचं कुणाच्या लक्षात येणार नाही."

त्यांनी बटाटा कापला आणि तसाच ठेवला. "वसुधा, मी तुझ्या जागी असतो तर गप्प बसलो असतो. गेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. रीडलला हेच हवंय. इंडियन माणूस, वाढलेलं वय, घाईत डॉक्टरेट. उद्या सगळा जिना उतरवतील. आणि त्याच इन्स्टिटूटमध्ये श्यामकांतला अजून दोन वर्षं काढायची आहेत."

"अहो, तिथे शनिवारी माणसं चढणार आहेत."

"तो फुगवटा जुना आहे हे तरी कुणाला माहीत आहे? खरंच भूकंपाने आला असेल. मग तुझ्या बोलण्याने काम थांबेल आणि मनोरा पडेल. मग?"

ते बरोबर होते. बाबांनी मोजलं नाही एवढंच मला माहीत होतं. मोजलं असतं तर काय आलं असतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते ज्या एका माणसाला कळू शकत होतं, त्याने पाहिलं नव्हतं.

"का केलं असेल त्यांनी असं?" श्रीनाथनी विचारलं.

"वहीत नाही ते."

आठव्या कंगोऱ्यावर शेरा होता: चार नोव्हेंबर, थंडी, रजबच्या हातांना भेगा. म्हणजे सातवा राहिला तो ऑक्टोबरच्या अखेरीला. बर्फ आलं असेल. आजारी असतील. परांची सरकवायला माणसं मिळाली नसतील, आणि मग वाटलं असेल की इतके सारखे कंगोरे, मधला एक काय वेगळा असणार. मी जितकी कारणं शोधत होते तितकी ती मलाच नको होत होती. कारण कोणतंही असलं तरी त्यांनी ते लिहायला हवं होतं. इतरांच्या चुका त्यांनी कधी सोडल्या नाहीत. माझ्या गणिताच्या वहीतला एक शब्दसुद्धा सोडला नव्हता. फक्त क्रमांकाच्या रकान्यात त्यांचा हात लाभ लिहायला धजला नव्हता.

मी मेन्झामध्ये दोन वाजेपर्यंत बसले. श्रीनाथ जाताना एवढंच म्हणाले, "तू जे करशील त्यात मी आहे. पण चारनंतर केलंस तर त्याचा उपयोग नाही."

अडीचला मी पुन्हा तो जिना चढले. खोलीत तिघेही होते. रीडलच्या हातात टाइप केलेला मसुदा होता.

"तार थांबवा," मी म्हटलं.

मी कार्डं टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगितलं. आधी सरासरी, मग तारीख आणि नाव नसल्याचं, मग लाभ. प्रोफेसरांनी पेन्सिल घेतली आणि नोंदी तपासू लागले. दहाव्या नोंदीनंतर त्यांनी पेन्सिल ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सकाळी तुम्ही म्हणालात विसरले."

"खोटं बोलले."

"मी या नकाशांवर त्याला सर्वोच्च श्रेणी दिली. माझी सही आहे त्यावर. रोज मी यांच्यासमोरून जिना चढतो." ते उठले आणि पुन्हा बसले. "होनराव! दुसरा कुणी असता तर..."

श्यामकांत जमिनीकडे बघत होता. मराठीत, अगदी हळू, म्हणाला, "वहिनी, काय गरज होती हो?"

रीडलने मसुदा फाडला. मला वाटलं आता तो काहीतरी लागेल असं बोलेल. तो म्हणाला, "मग तिथे भोक पाडायचं नाही. तड्यावर काचेच्या पट्ट्या चुन्यात बसवायच्या. तडा हलला तर काच फुटेल, आणि काय करायचं ते आपल्याला कळेल. परांचीखाली कुणी जायचं नाही." मग प्रोफेसरांकडे वळून, त्याच सुरात: "आणि ही सगळी मोजणी रद्द करायची. बाराही नकाशे. एक बनावट असेल तर बाकीच्यांचा काय भरवसा?"

"नाही," मी म्हटलं.

"बाई, मला तुमचं दुःख समजतं..."

"दुःखाचं नाही बोलत मी. अकरा मोजलेले आहेत. अकरांवर तारीख आहे, हवा आहे, माणसाचं नाव आहे. अकरांची सुरुवात लाभने आहे."

"एका बाजारी शब्दावर मी मनोरा बांधू?"

"नका बांधू. आकडे बघा. श्यामकांत, पाचवा घ्या. चौथ्याची आणि सहाव्याची सरासरी काढा आणि पाचव्याशी लावून बघा. मग दुसरा. मग दहावा. खोटा असेल तर जुळेल."

श्यामकांतने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली. रीडल त्याच्या खांद्यावरून बघत उभा राहिला. त्यांना पंचवीस मिनिटं लागली. मी खिडकीपाशी उभी होते. मेसेचे, औद्योगिक प्रदर्शनाचे, झेंडे चौकात फडफडत होते. सव्वातीन झाले. पाचवा जुळत नव्हता. दुसरा जुळत नव्हता. दहाव्याच्या मध्यावर मोठा खळगा होता, तो शेजारच्या दोघांतही नव्हता.

"हा खळगा मी मार्चमध्ये पाहिला आहे," रीडल सावकाश म्हणाला. "हाताने चाचपला आहे. तो आहे." त्याने कागद खाली ठेवला. "ठीक. अकरा."

प्रोफेसरांनी कोरा कागद ओढला आणि लिहू लागले. सातव्या नकाशावर चिकटवायची सूचना, आणि तेहरानच्या तारेतही तोच शब्द जाणार होता. लिहून त्यांनी मला वाचून दाखवलं. सातवा कंगोरा: मोजणी अनिश्चित.

"एवढं पुरे," ते मऊपणे म्हणाले. "काम थांबेल. माणसं वाचतील. आणि कुणी काही विचारणार नाही. अनिश्चित तर सगळ्यांचीच असते. तुमच्या आईसाठी, फ्राउ देवस्थळी."

त्यांचा हेतू चांगला होता. श्यामकांतने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. घे, असं त्याचे डोळे म्हणत होते.

मी तो शब्द दोनदा वाचला. अनिश्चित म्हणजे मोजलं, पण हात कापला. ओळंबा हलला, फीत सैल पडली, डोळा चुकला. हे सगळं बाबांच्या बाबतीत खोटं होतं. त्यांचा हात कधी कापला नव्हता. चौथ्या कंगोऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम त्यांनी वाऱ्यासाठी फेकलं होतं. एका शब्दाने त्यांचा अपराध झाकला जात होता आणि त्याच शब्दाने त्यांची विद्या काढून घेतली जात होती.

"हे बरोबर नाही," मी म्हटलं. "मोजलेलं नाही, असं लिहा."

"समजून घ्या. ते लिहिलं तर ती फसवणूक ठरते. छापील ग्रंथात जाईल ते. कायम राहील."

"मला समजतं. ते मोजायचे तेव्हा अनिश्चित कधीच नव्हते. हा मोजला नाही."

प्रोफेसरांनी तो शब्द खोडला, पेन माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मला लिहवत नाही. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. निष्ट गेमेसेन, मोजलेलं नाही. खाली, वहीचं वाचन करणारी म्हणून, तारेतही माझं नाव हवं होतं. वसुधा देवस्थळी लिहून रीडलने मला विचारलं की जन्माचं आडनावही घालायचं का, इथे तशी पद्धत आहे. मी म्हटलं, घाला. त्याने ते माझ्याकडून अक्षर अक्षर विचारून घेतलं आणि कोट चढवून टपाल कचेरीकडे निघाला. चारला बारा मिनिटं होती.

त्या उन्हाळ्यात काचेच्या सहा पट्ट्या बसवल्या गेल्या. दर पंधरवड्याला तिथून पत्र येई आणि रीडल ग्रंथालयात फोन करून मला दोन शब्दांत सांगे. ऑक्टोबरपर्यंत एकही फुटली नाही. फुगवटा जुना असावा, असं आता सगळे म्हणतात. असावा, एवढंच. जिन्यातल्या अकरा चौकटी तिथेच राहिल्या. सातवा नकाशा नवा काढला. त्यात कंगोऱ्याच्या दोन बाह्यरेषा आहेत आणि मध्ये एकही वीट नाही, कोरा कागद. खाली मोजणी करणाऱ्याचं नाव: द. होनराव.

नव्या संचाची एक प्रत प्रोफेसरांनी पुण्याला आईकडे पाठवली, मला न विचारता. नोव्हेंबरात आईचं पत्र आलं. नकाशे फार सुंदर आहेत, शेजारच्या लतिकाबाईंनाही दाखवले, ह्यांनी इतकं केलं ते आम्हाला कधी कळलंच नाही, असं तिने लिहिलं होतं. शेवटी होतं: "सातव्या नंबरचं चित्र छापायचं राहून गेलंय. तुझी तिथे ओळख आहे, तर त्यांना सांग. त्यांचं काम असं अर्धवट दिसायला नको."

मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसले. श्रीनाथ म्हणाले, छापायचं राहिलं असंच म्हण ना, तिला काय फरक पडतो. मी त्यांना आत जायला सांगितलं. पहिल्या ओळीत प्रकृतीची चौकशी केली, दुसऱ्या ओळीत लिहिलं, "आई, ते चित्र छापायचं राहिलेलं नाही," आणि मग तिला सगळं लिहिलं, अकरांपासून सुरुवात करून.